दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

कोलोमा व्हिदालचा एक नियम होता आणि त्या नियमापायी तिने निम्म्या गावाशी कधी ना कधी वाद घातला होता. रेडिओवर वाजवायची रेकॉर्ड ती आधी ऐकायची नाही. पाकीट फोडायचं ते माइकसमोर, आणि सुई टेकवायची ती सगळ्यांच्या साक्षीने. "मी घरी बसून ऐकणार, निवडणार, मग तुम्हाला वाढणार. म्हणजे तुम्ही शिळं खाणार? ते जमणार नाही," असं ती म्हणायची. एकोणीस वर्षं, दर शनिवारी दुपारी बारा ते एक, व्हिलाब्रुना नगरपालिकेच्या रेडिओवर, बाजाराच्या इमारतीतल्या वरच्या खोलीतून तिचा हा कारभार चालला होता. पोटापाण्यासाठी ती औषधाच्या दुकानात उभी राहायची. रेडिओचं तिला कुणी काही देत नव्हतं, तिनेही कधी मागितलं नव्हतं.

वाजवायची काय, तर ज्यांचं नाव कुणी ऐकलं नाही असे बँड. कार्ताखेनाच्या गोदीतल्या पोरांनी काढलेली रेकॉर्ड, जिच्या प्रती अडीचशे आणि मुखपृष्ठं हाताने रंगवलेली. लुगोकडच्या दोन बहिणींनी गोठ्यात बसून केलेली, जिच्यात चौथ्या गाण्यात गाय हंबरते आणि बहिणी तिला हसत हसत दटावतात. अल्कोयच्या एका शाळामास्तराची, ज्याने चारही वाद्यं एकट्याने वाजवली आणि मुखपृष्ठावर चार वेगवेगळ्या मिशा लावून चार फोटो छापले. हे सगळं ती शोधून काढायची. पत्रं लिहायची, जत्रेतल्या खोक्यांत कोपरापर्यंत हात घालायची. माद्रिद-बार्सेलोनाच्या मासिकांत तेच ते पाच बँड आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक महोत्सवाच्या फलकावर तीच ती नावं बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "या लोकांना देवाने कान दिले ते काय चष्मा अडकवायला?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. गावाला ते पाठ झालं होतं.

आणि गाव ऐकायचं बरं का. शनिवारी बाराला आमच्याकडे वर्मूटची, म्हणजे जेवणाआधीच्या कडवट वाइनची वेळ. बारमध्ये ऑलिव्ह, खारवलेले मासे आणि कोलोमा, हे तिन्ही एकत्रच पुढ्यात यायचे. निम्म्या लोकांना तिची गाणी आवडत नसत, पण तिच्या शिव्या आवडत.

त्या ऑक्टोबरात टपालाने एक पाकीट आलं. चिठ्ठी नाही, पत्ता रेउसचा. बँडचं नाव 'कादिरेस दे प्लास्तिक', म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मुखपृष्ठावर खरंच एकावर एक रचलेल्या पांढऱ्या खुर्च्या होत्या. कोलोमाला कोण आनंद झाला! एवढी वर्षं लांब लांबचे बँड धुंडाळले आणि हा तर पंधरा किलोमीटरवरचा, आपल्याच बोलीतला, आणि आपल्यालाच माहीत नाही. "लाज वाटली पाहिजे मला," ती माइकवर म्हणाली आणि सुई टेकवली.

पहिली बाजू ऐकून ती बेहद्द खूश झाली. गाणाऱ्या पोरीचा आवाज कोरडा होता, उगाच लाडात येत नव्हता. ड्रम वाजवणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळत होतं. "पाव-टोमॅटो खाल्लेल्या माणसांचं गाणं आहे हो हे," कोलोमा मधेच म्हणाली. "नाहीतर काही जण गातात ते ऐकून वाटतं यांच्या पोटात नुसती बर्फाची पेटी आहे." तिने बाजू बदलली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं सुरू झालं.

गाण्याच्या मागे ग्राया वाजत होती.

ग्राया म्हणजे सनईची खरखरीत चुलत बहीण. आमच्याकडे माणसांचे मनोरे लागतात, तेव्हा ती वाजते. पण ती नुसती शोभेला नसते, ही गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. तळाच्या बुंध्यात दोन-अडीचशे माणसं एकमेकांना रेटून उभी असतात. मान खाली, गाल पुढच्याच्या पाठीवर. त्यांना दिसतो तो फक्त समोरच्याचा घामेजलेला सदरा. वर किती थर चढले, कोण डगमगतंय, हे त्यांना ग्राया सांगते. आणि शेंड्यावर चढलेलं पोर हात वर करतं, तेव्हा सूर बदलतो. तो बदललेला सूर ऐकला की बुंध्याला कळतं, हात झाला, मनोरा चढला. मग तो पुढे कोसळला तरी चढला म्हणूनच मोजतात. हात झालाच नाही, तर नोंदवहीत नुसतं 'प्रयत्न' लिहितात. तेव्हा आमच्या गावात ग्राया बोलली तेच खरं. आणि व्हिलाब्रुनाच्या पथकात ग्रायेवर चौतीस वर्षं कोलोमाच होती.

गाण्यातली ग्राया तिचीच होती. तिची एक जुनी जिव्हाळी, म्हणजे फुंकायची पत्ती होती, ती तिसऱ्या सुरावर किंचित फाटायची. अशी फाटकी ग्राया अख्ख्या तार्रागोना प्रांतात एकच होती, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या त्या ऑक्टोबरानंतर कोलोमाने ती जिव्हाळी फेकून दिली होती. आठ थर चढेपर्यंत ती एकदाच वाजली होती, त्या दिवशी.

तो दिवस गावात कुणी विसरलं नव्हतं. आमच्या पथकाने आयुष्यात पहिल्यांदा आठ थर लावले होते, शेंड्याकडचे थर सोडले तर प्रत्येक थराला चार माणसं. मनोरा शेंड्यापर्यंत गेला आणि पडला. हात झाला नाही. शेंड्यावरच्या पोरीचा, आठ वर्षांच्या एस्तेल रोव्हिराचा, दंड मोडला. वहीत 'प्रयत्न' लिहिलं गेलं आणि गावाने ठरवलं, पोरीने कच खाल्ली. वर जाऊन घाबरली, रेंगाळली, म्हणून पडलं सगळं. पावाच्या दुकानात तिच्या आईसमोर लोक गप्प व्हायचे. वर्षभरात ते कुटुंब रेउसला निघून गेलं. त्यानंतर चौदा वर्षं पथकाने आठ थर लावले नाहीत.

गाण्यात ती ग्राया चढत गेली, चढत गेली आणि सूर बदलला. हात झाल्याचा सूर! स्वच्छ, ठसठशीत, दुसऱ्याच कुणाच्या तरी ग्रायेवर वाजवलेला, तिच्या फुंकरीला जोडलेला. आणि वरून ती कोरड्या आवाजाची पोर गात होती की मी आभाळाला हात लावला, तुमच्या माना खाली होत्या.

कोलोमाने सुई उचलली नाही, ओरबाडली. अख्ख्या गावाने तो चर्रकन आवाज ऐकला. "हे खोटं आहे," ती माइकवर म्हणाली. "ज्या मनोऱ्याचा हात झालाच नाही, त्याला हे लोक माझ्याच श्वासावर मुकुट चढवतायत. बँड असाल तर तुमच्या घरचे! हा चावटपणा इथे चालणार नाही." आणि तिने उरलेली पंधरा मिनिटं लुगोच्या बहिणी लावून ठेवल्या.

फोन वाजायला मिनिटही लागलं नाही. पथकाचा प्रमुख बार्तोमेउ सार्दा फोनवर थांबलाच नाही, थेट दोन मजले चढून वर आला. धंद्याने खाटीक, खांद्यांवर मानच नाही असा माणूस. हातात ऑलिव्ह टोचलेली काडी तशीच होती.

"कोण ही कार्टी?" तो दारातूनच गरजला. "गाडलेली मढी उकरून काढायचा यांना कुणी अधिकार दिला?"

"मला काय विचारतोस? मला काय स्वप्न पडलं होतं?"

"वाजवलंस तू!"

"आणि थांबवलंही मीच. ओरडू नकोस, माइक आत्ताच बंद केलाय."

"पुढच्या शनिवारी सांगायचं," काडी तिच्याकडे रोखून तो म्हणाला. "गाणं खोटं आहे. त्या दिवशी हात झाला नव्हता. पथकाचा या पोरांशी काडीचाही संबंध नाही. मी लिहून आणतो, तू वाच."

"माझ्या कार्यक्रमात मी लिहिलेलं वाचत नाही."

"या खेपेला वाचशील. दुसऱ्या दिवशी रविवार आहे. चौदा वर्षांनी आपण परत आठ थर लावतोय, कोलोमा. बुंध्यातल्या एकाच्याही डोक्यात शंकेचा किडा नकोय मला. तुझ्या ग्रायेवर त्यांचा विश्वास राहिला नाही, तर मी तुला उभी कशी करू?"

हे मात्र तिला लागलं. ग्राया काढून घेतली तर कोलोमाकडे उरत काय होतं? औषधाचं दुकान! "वाचीन," ती म्हणाली. "पण आधी त्या कार्ट्यांना तोंडावर चार शब्द सुनावून येते."

मंगळवारी दुपारी दुकान दीडला बंद झालं, तशी ती बसने रेउसला गेली. बसमध्ये तिने भाषण तयार केलं होतं. तुम्ही शहरातली पोरं, तुम्हाला मनोरा म्हणजे फोटो काढायची वस्तू. दुसऱ्याच्या घामावर, दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडांवर गाणी करता, वर त्यात खोटं मिसळता. असं बरंच होतं. शेवटी 'लाज नाही वाटत?' हेही होतं.

पत्त्यावर हेझलनटचं जुनं गोदाम निघालं. आत अजून सालपटांचा वास होता. एक दाढीवाला पोरगा ड्रमचा नट पिळत बसला होता आणि एक पोरगी तारा गुंडाळत होती. कोलोमाला बघून पोरगी उठली. उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता.

कोलोमाचं भाषण जागच्या जागी विरलं.

"एस्तेल?"

"या," एस्तेल म्हणाली. लहानपणी ती कोलोमाला मावशी म्हणायची. ग्रायेची टोपी काढून द्यायला पुढे पुढे करायची. आता त्या तोंडावर मावशीचा मागमूस नव्हता. "उशीर केलात. मला वाटलं सोमवारीच याल."

"मी पाव घेऊन येतो," दाढीवाला म्हणाला आणि हातातला नट तसाच घेऊन पसार झाला.

"तू हे केलंस?" कोलोमाचा राग परत वर आला. आता तर जास्तच. "आपल्या पथकातली पोरगी तू! दुसऱ्या कुणी केलं असतं तर अडाणी म्हणून सोडलं असतं. तुला माहीत नाही त्या सुराचा अर्थ? तो सूर खोटा वाजवायचा नसतो!"

"खोटा?" एस्तेल म्हणाली. "मी हात केला होता."

"पोरी, मी तिथे होते."

"मीही होते. सगळ्यात वर होते."

"हात झाला असता तर मी सूर बदलला नसता का?"

"अगदी हेच," एस्तेल म्हणाली. "हेच म्हणालात तुम्ही तेव्हा. माझे आजोबा टेप घेऊन पथकाच्या कचेरीत आले होते. तुमच्या त्या कमिटीने त्यांना वर्मूट पाजलं, पाठीवर थोपटलं, टेप ऐकलीसुद्धा नाही. तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, दिसला असता तर वाजवलं नसतं का. झालं! प्रश्न मिटला. आजोबा जिन्यावर बसून रडले. मी गळ्यात हात बांधून खाली उभी होते. मी आठ वर्षांची होते, कोलोमा. आठ वर्षांच्या पोरीला अख्खं गाव खोटं ठरवतं, आणि का? तर एका बाईने पिपाणी फुंकली नाही म्हणून!"

कोलोमाला आयुष्यात कुणी ग्रायेला पिपाणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने त्याची गय केली नसती. पण आत्ता तिच्या तोंडून एवढंच निघालं, "कुठली टेप?"

आजोबांचं घर चौकातच होतं, समोरच्या अंगाला. ते बाल्कनीतून प्रत्येक मनोरा टेप करायचे, हे गावाला माहीत होतं आणि सगळे त्यांना हसायचे. त्या काळी एकाने व्हिडिओही काढला होता, पण मागच्या बाजूने. त्यात शेंड्यावर एक पाठ दिसते आणि काही नाही. आजोबा वारल्यावर ती टेप एस्तेलकडे आली होती. तिने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि कळ दाबली.

ग्राया, तिसऱ्या सुरावर फाटणारी. चौकाचा श्वास. म्हाताऱ्याचा आवाज, माइकच्या अगदी जवळ: "चढली… चढली… हात! हात केला माझ्या बाईने! हात केला!" आणि त्याच क्षणी ग्राया थांबली. अर्ध्या फुंकरीत, तोडल्यासारखी. मग काहीच नाही. एक. दोन. आणि मग तो आवाज, माणसांवर माणसं पडल्याचा, जो ऐकून कोलोमाने चौदा वर्षांनंतरही दोन्ही हात कानांवर नेले.

"परत लाव," ती म्हणाली.

एस्तेलने परत लावली. हात. ग्राया थांबली. एक, दोन. पडला.

चौदा वर्षं कोलोमाच्या डोक्यात क्रम वेगळा होता. मनोरा पडला, म्हणून ग्राया थांबली. यापेक्षा सरळ काय असणार? पण टेप सांगत होती की ग्राया आधी थांबली. आणि मग तिला आठवलं. खरं तर आठवत होतंच, पण तिने कधी त्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. ती शेंड्याकडे बघतच नव्हती. तिसऱ्या थरातल्या एकाचा गुडघा लटपटला आणि तिची नजर त्या गुडघ्यावर खिळली. तिला वाटलं, गेला. आणि ओरडायला तिने ग्राया तोंडातून काढली. गुडघा सावरला होता. मनोरा उभा होता. वर पोरीचा हात आभाळात होता आणि खाली अडीचशे माणसांना, ज्यांना काही म्हणजे काहीच दिसत नाही, कोलोमाने नुसत्या शांततेने सांगितलं होतं की मनोरा पडला.

"या दोन सेकंदांत आम्ही तो सूर घातला," एस्तेल म्हणाली. "आठ महिने ग्राया शिकले मी त्यासाठी. या हाताने भोकं नीट झाकली जात नाहीत. तुमचं होतं ते तसंच ठेवलंय, एक श्वासही कापलेला नाही. तुमचं जे वाजवायचं राहिलं, तेवढंच वाजवलं."

"मग मला चिठ्ठी का नाही लिहिलीस? येऊन सांगायचंस!"

"आजोबा आले होते की सांगायला." एस्तेलने टेप बाहेर काढली. "मला तुमचा नियम माहीत होता. आधी ऐकलं असतंत, तर तुम्ही ती रेकॉर्ड कधीच वाजवली नसतीत. खुर्चीखाली ढकलली असतीत."

कोलोमाने रिकाम्या टेपरेकॉर्डरचं झाकण बंद केलं.

"माझ्या आईलासुद्धा वाटतं मी घाबरले," एस्तेल म्हणाली. "म्हणते, बाळा, घाबरलीस तर काय झालं, सगळेच घाबरतात. चौदा वर्षं माझी समजूत काढतेय ती! मी टेप ऐकवली, तर म्हणते, आजोबांचं तुझ्यावर प्रेम होतं, ते असंच ओरडणार. तिला म्हाताऱ्याचं नकोय. ग्रायेने सांगितलं तरच ती मानेल. तुमच्या गावची ना ती!"

कोलोमाने टेप मागितली. एस्तेलने बराच वेळ दिली नाही. मग दिली.

बसमध्ये परतताना कोलोमाला राग कुणाचा करावा तेच कळेना, आणि राग तर असा आला होता की पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं. एकोणीस वर्षं ती जगाला सुनावत होती की तुम्हाला कान नाहीत. लुगोच्या गोठ्यातली गाय हिला ऐकू आली. शंभर पावलांवरच्या बाल्कनीतला म्हातारा ऐकू आला नाही.

शनिवारी बाराला बार्तोमेउ आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा सदरा, हातात घडी घातलेला कागद. "पाच ओळी आहेत," तो म्हणाला. "वाच आणि मग तुझ्या गाई-म्हशी लाव."

कोलोमाने माइक उघडला. कागद घेतला नाही. "आज नवी रेकॉर्ड नाही," ती म्हणाली. "एक जुनी टेप आहे. ही मी आधी ऐकली आहे, नियम मोडलाय. तुम्ही ऐका. काही बोलू नका, नुसते मोजा."

ग्राया. म्हातारा. हात. शांतता. एक, दोन. तो आवाज. खाली चौकातल्या बारमधला गलका खिडकीतून वर येत होता, तो थांबला.

"ऐकलंत?" कोलोमा म्हणाली. "हात झाला होता. मी बघत नव्हते. मी घाबरून ग्राया तोंडातून काढली, तेव्हा मनोरा उभा होता. दोन सेकंद उभा होता. मग मला विचारलं, तर मी म्हणाले, दिसला असता तर वाजवलं नसतं का. मी वाजवलं नाही म्हणजे झालंच नाही, एवढा माझा माज! आणि आपण सगळ्यांनी मिळून एका आठ वर्षांच्या पोरीवर ढकललं. कच पोरीने नाही खाल्ली. मी खाल्ली. उद्या बुंध्यात उभं राहणाऱ्यांनी ठरवावं, माझ्या ग्रायेवर मान खाली घालायची का नाही."

तिला वाटलं बार्तोमेउ आता माइक उपटणार. त्याचा चेहरा कच्च्या मांसासारखा लाल झाला होता. तो उठला, टेबलावर दोन्ही मुठी टेकवल्या.

"दोन सेकंद?" तो म्हणाला. "आधी? ग्राया आधी थांबली?"

"ऐकलंस ना तू."

"मी तळाला होतो, बाई! चार कोपऱ्यांपैकी एक खांब मी होतो!" आता तो ओरडत होता. "ग्राया थांबली, मला वाटलं आलं सगळं अंगावर. मी मान आत ओढली. खांदा दोन बोटं खचला माझा. वरच्याचा पाय सटकला. मला माहीत होतं! त्याच क्षणी माहीत होतं की माझ्या खांद्यावरून गेला. चौदा वर्षं मला वाटतंय मनोरा पडत होता आणि मी तो धरला नाही. आणि तू… आणि मी…" त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "पोर घाबरली, हे गावात पहिल्यांदा कोण बोललं, आठवतंय तुला? मी. त्याच संध्याकाळी, दुकानात, सुरी हातात असताना. मी बोललो. म्हाताऱ्याला वर्मूट पाजून मीच जिन्यापर्यंत पोचवलं. टेप ऐकायची नव्हती मला. त्यात माझा खांदा ऐकू येईल असं वाटायचं मला."

माइक उघडाच होता. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही तो बंद केला नाही. बार्तोमेउने आणलेला कागद त्याच्या मुठीत चुरगळला होता.

फोन वाजला. कोलोमाला वाटलं, आता सुरू झालं, आता गाव बोलणार. तिने उचलला.

"एस्तेल बोलतेय," पलीकडून आवाज आला. तो कोरडा नव्हता, पण गोडही नव्हता. "कॉम्प्युटरवर ऐकतेय मी. आईला हाका मारत होते, ती आत्ता आलीय स्वयंपाकघरातून. तिने काही ऐकलं नाही."

"मी… आम्ही…" कोलोमा म्हणाली.

"ती इथे बसलीय माझ्या शेजारी. पहिल्यापासून परत सांगा," एस्तेल म्हणाली. "दोघंही."